‘परवानगी’ नको, ‘हक्क’ लिहा

साहेब,

परवा तुमच्या जलदान विधीला मांडवात शेवटच्या रांगेत बसले होते. बरेच जण बोलले. तुमचे शाळेतले सोबती बोलले, वस्तीतली मंडळी बोलली, निवृत्त झालेले दोन इंजिनियर बोलले. सगळे खरंच बोलले. साळवे साहेब शिस्तीचे होते, वेळेचे पक्के होते, दौऱ्यावर गेले तर स्वतःचा डबा नेत. पण मला जे ऐकायचं होतं ते कुणी बोललं नाही. कसं बोलणार? दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आपल्या ऑफिसात काय घडलं, हे त्या मांडवात फक्त मला आणि आपले ड्रायव्हर पठाणभाई यांना माहीत होतं. पठाणभाई जीप नीट लावून येतो म्हणून बाहेर गेले ते आत आलेच नाहीत. माईक माझ्यापर्यंत आला तेव्हा मी नुसती मान हलवली आणि तो पुढं दिला.

म्हणून आता लिहितेय. तुम्ही असता तर म्हणाला असता, ‘शेळकेबाई, आधी मुद्दा लिहा, मग शोक करा.’ तर मुद्द्यावर येते.

आपलं ऑफिस नगर शहरात, पण त्याचा जीव जिल्हाभरच्या विहिरींत. अकोले तालुक्याच्या डोंगरापासून पारनेरच्या माळापर्यंत ठरवलेल्या विहिरी, ठरलेल्या महिन्यांत त्यांत टेप सोडायचा, पाणी किती खोल आहे ते लिहून आणायचं. बाहेरच्या माणसाला हे काम फार मिळमिळीत वाटतं. मलाही वाटलं होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला एका विहिरीच्या काठावर उभं केलंत आणि विचारलंत, “काय दिसतंय?” मी म्हटलं, “पाणी.” तुम्ही म्हणालात, “पाणी सगळ्यांनाच दिसतं. मागच्या साली ते कुठं होतं ते ज्याला दिसतं, त्याला सरकार पगार देतं.”

ते ‘मागच्या साली’ म्हणजेच आपलं सगळं भांडवल. उन्हाळ्यात कोणत्या गावाला टँकर द्यायचा, हे ठरवताना कलेक्टर ऑफिस आपल्याला विचारायचं, की यंदाची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा किती खाली गेलीय? आपण आकडे द्यायचो. ज्याच्या गावाचा पुढारी मोठा त्याला टँकर आधी, असं होऊ नये म्हणून ते आकडे.

मग कंप्युटर आले. तीन मशिनं आणि त्यांच्याबरोबर पुण्याच्या एका कंपनीनं बनवलेला विहिरींचा प्रोग्राम. कंपनीच्या माणसानं मशीनच्या पाठीमागं, प्रिंटरच्या जागी, काडेपेटीएवढी एक काळी डबी बसवली. “हे लॉक,” तो म्हणाला. “हे काढलं की प्रोग्राम चालणार नाही. चोरी होऊ नये म्हणून असतं.” तुम्ही चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलंत. “चोर कोण? आमी?” तो हसला. तुम्ही हसला नव्हता. रागावलात की तुमच्या तोंडी पारनेरची बोली यायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

चार-पाच वर्षं बरी गेली. सगळे जुने आकडे आत भरले. भरून झाल्यावर जुन्या वह्या गोदामात गेल्या. गोदामाचं छत गळत होतं, वह्यांचा लगदा झाला, आणि त्याचं कुणाला फारसं वाईटही वाटलं नाही. कंप्युटरमध्ये आहे ना सगळं!

त्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली, आली, परत गेली आणि भसकन आली. मशीन वाचलं. ते लॉक जळालं.

तुम्ही पुण्याला फोन लावलात तेव्हा मी समोर बसले होते. तिकडून उत्तर आलं की हा प्रोग्राम आता बंद केलाय, त्याची लॉकं मिळत नाहीत, नवीन प्रोग्राम घ्या, जुने आकडे आम्ही त्यात घालून देऊ. किती दिवस लागतील? मंजुरी आल्यावर बघू. इकडं कलेक्टर ऑफिसातून रोज विचारणा. तुम्ही फोनवर अगदी हळू आवाजात म्हणालात, “अहो, माहिती आमचीच आहे ना?” तिकडचा माणूस काय बोलला ते फोन ठेवल्यावर तुम्ही मला सांगितलंत. “म्हणतो, माहिती तुमचीच हाय साहेब, पन फाईल आमच्या पद्धतीची हाय.”

तेव्हा मी माझ्या भावाची गोष्ट काढली. ज्ञानदेव इथंच, नगरजवळच्या नागापूरला एका कारखान्यात कामाला. तिथल्या एका इंजिनियरला लिनक्सचं वेड लागलं होतं. कंप्युटरच्या मासिकाबरोबर आलेली एक सीडी त्यानं ज्ञानदेवला दिली होती आणि ज्ञानदेवनं मला. मी तुम्हाला सांगितलं, की ही मशीन चालवायचीच एक वेगळी पद्धत आहे. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलीय. तिच्या आत काय लिहिलंय ते कुणालाही उघडून वाचता येतं. तिच्यात कुठल्याही फाईलच्या पोटात शिरून बघायची हत्यारं आहेत. मला आपल्या फाईलच्या पोटात शिरून बघू द्या.

“किती पैसे?”

“फुकट.”

“मग नको.” तुम्ही फायली पुढं ओढल्यात. “फुकट म्हणजे कुणाचं? बिघडलं तर कुणाचं दार वाजवायचं?”

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचे, पैसे देऊन घेतलेल्याचं दार वाजवून काय मिळालं? तुम्ही म्हणायचात, दार तरी होतं. मी म्हणायचे, इथं दारच नाही, सगळं उघडं आहे. तुम्ही म्हणायचात, उघड्यावरचं सरकारात घेता येत नाही. पठाणभाई चहा आणून ठेवायचे आणि दोघांकडं आळीपाळीनं बघत उभे राहायचे. एका सकाळी तुम्ही आलात, टोपी खुंटीला लावली आणि बसायच्या आधी म्हणालात, “बघा काय करायचं ते. पण एक. लेखी आदेश हातात आल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही.”

मी चिडले. साहेब, तेव्हा मी तुमच्यावर फार चिडले होते. पुढं ज्या गोष्टीनं मला वाचवलं तिच्यावर चिडले होते. मी म्हटलं, “गावं तहानलेली आहेत आणि तुम्ही टिपणी लिहिताय!” तुम्ही शांतपणे म्हणालात, “बसा.” टायपिस्टला बोलावलं नाहीत. स्वतःच्या हातानं, त्या वळणदार अक्षरात आदेश लिहिलात, सही केलीत, शिक्का मारलात, जावक क्रमांक घातलात आणि मला दिलात. मी वरच्या दोन ओळी वाचल्या आणि कागद ड्रॉवरमध्ये कोंबला.

मग आमची खरी फजिती सुरू झाली. सीडी टाकली की मशीन काहीतरी पुटपुटायचं आणि पडदा काळाठिक्कर. मी परत पहिल्यापासून करायची. ज्ञानदेवच्या इंजिनियरला फोन करून विचारायची. रोज सकाळी तुम्ही दारातूनच विचारायचात, “उठलं का?” घरात कुणी आजारी असल्यासारखं. मी मान हलवली की केबिनमध्ये जायचात. एकदाही ‘सांगितलं होतं’ म्हणाला नाहीत. मी तुमच्या जागी असते तर नक्की म्हटलं असतं. आणि एक दिवस ते उठलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारत उभं राहिलं. तुम्ही आलात, वाकून बघितलंत आणि म्हणालात, “एवढंच?”

एवढंच नव्हतं. जळालेल्या लॉकमागची फाईल मी उघडली तेव्हा आत नुसती चिन्हांची खिचडी होती. कुठं विहीर सुरू होते, कुठं संपते, काही कळेना. दोन दिवस मी त्या खिचडीकडं बघत होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात.

“ह्यात आपले आकडे आहेत हे नक्की?”

“असणारच. पण कुठल्या रूपात आहेत ते माहीत नाही. एखाद्या विहिरीचे ओळीनं आकडे माहीत असते, तर ते शोधता आले असते.”

तुम्ही चष्मा काढलात, डोळे मिटलेत. पारनेरच्या माळावरची एक विहीर तुम्ही नोकरीला लागल्यापासून दुसऱ्या कुणाला मोजू दिली नव्हती. ऑफिसात त्यावरून सगळे तुमची चेष्टा करायचे. “सात मीटर वीस,” तुम्ही म्हणालात. “मग नऊ पाच. मग पाऊस झाला, चार दहा. मग सहा पंचावन्न.” तुम्ही सांगत गेलात, मी कागदावर लिहीत गेले. मीटरमध्ये शोधलं, नाही सापडलं. शब्दांत शोधलं, नाही. मग मला सुचलं की कंपनीनं सेंटिमीटर करून ठेवले असतील. सातशे वीस, नऊशे पाच. तरी नाही. मग मशिनं कधीकधी आकड्याचा मागचा भाग पुढं ठेवतात हे आठवलं. तसे उलटे करून शोधले.

पडद्यावर एका जागी सगळे आकडे एकामागोमाग उभे राहिले. चार दहासुद्धा.

मी म्हटलं, “सापडली.”

“कोण?”

“तुमची विहीर.”

तुम्ही उठलात, खिडकीशी गेलात आणि रुमालानं चष्मा पुसत राहिलात. किती वेळ पुसत होतात! मग न वळताच विचारलंत, “बाकीच्या?” बाकीच्या तिच्या मागंपुढंच होत्या, एकीला धरून एक. आठवड्याभरात जिल्ह्यातल्या सगळ्या विहिरींचे आकडे आपण त्या खिचडीतून वेचून बाहेर काढले. मी एक साधासा प्रोग्राम लिहिला, त्यात भरले, सरासरी काढली, आणि रिपोर्ट गेला.

त्या रिपोर्टानं काय केलं ते तुम्ही आणि मी डोळ्यांनी बघितलं. अकोले म्हटलं की सगळ्यांना धरण आठवतं, भात आठवतो. तिकडं पाऊस इतका, त्यांना कसला टँकर? पण डोंगरावरच्या वाड्यांच्या विहिरींचे आकडे आपल्या कागदावर पार तळाला गेले होते. पाच वर्षं हळूहळू जात होते. नुसतं यंदाचं बघून ते कुणाला कळलं नसतं. त्या वाड्यांना पहिल्यांदाच टँकर मंजूर झाला. आपण बघायला गेलो तेव्हा एक म्हातारी हंडा खाली ठेवून तुमच्याजवळ आली. “सायेब, आमच्याकडं पाऊस लई म्हनून आमाला कुनी इचारतच न्हवतं,” ती म्हणाली. “तुमाला कोनी सांगितलं?”

तुम्ही माझ्याकडं बोट दाखवलंत. मी तुमच्याकडं. म्हातारीनं दोघांनाही गूळ दिला. आयुष्यभर बाहेर काही न खाणारे तुम्ही तो गूळ खाल्लात.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी शहाणपणा सांगितला. आठवतंय? म्हटलं, साहेब, काम झालं. आता कंपनीचा नवीन प्रोग्राम घेऊन टाकू. तुमच्या निवृत्तीला थोडे महिने राहिलेत, उगीच लफडं नको. इतके दिवस भांडून मीच माघार घेत होते. मला वाटलं, तुम्ही ‘बरं’ म्हणाल.

तुम्ही रस्त्याकडं बघतच बोललात. “मी लहान होतो तेव्हा आमच्या आईला विहिरीवर चढता येत नव्हतं. खाली घागर घेऊन बसायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे. सकाळी बसली तर कधी दुपार व्हायची. विहिरीत पाणी होतं, बाई. दिसत होतं. आमच्या हातात न्हवतं.” पठाणभाईंनी गाडीचा वेग कमी केला होता. “आता ह्या वयात मी परत कुणाच्या पायाशी घागर घिऊन बसनार न्हाई. तिन्ही मशिनं तुमच्या लिनक्सवर फिरवा.”

मी पारनेरचीच, शेतकऱ्याच्या घरातली. आमच्याही गावात तशी विहीर होती. तिच्यावर आमच्या घरच्या बायका चढायच्या. त्या दिवशी जीपमध्ये मला ते म्हणायचं होतं. काय म्हणायचं ते जुळेना, म्हणून गप्प बसले. तुम्हीही माझ्याकडं बघितलं नाहीत. पुढं दोन वर्षांत तो विषय आपण कधी काढला नाही. पण त्यानंतर तुम्हाला ‘साहेब’ म्हणताना माझ्या तोंडातल्या त्या शब्दाचं वजन बदललं होतं, हे तुम्हाला कळलं असेल असं मी धरून चालते.

तिन्ही मशिनं फिरली. आणि मग सरकारी कारभाराची गंमत. भांडारपालानं सीडी नोंदवायला नकार दिला. नियमाप्रमाणं तीन दरपत्रकं लागतात म्हणाला. तुम्ही त्याला विचारलंत, “फुकटापेक्षा कमी दर कोण देनार हाय? त्याचं नाव सांगा, त्याच्याकडून घेऊ.” तो बिचारा गोंधळून गेला. मग तुम्ही मला म्हणालात, ह्या सीडीबरोबर काही अटी असतील, त्या मराठीत करून फायलीला लावा. त्या अटींचं इंग्रजी किचकट होतं, पण मी चिकाटीनं केलं. हा प्रोग्राम वापरण्याची परवानगी आहे, आतलं वाचण्याची परवानगी आहे, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची परवानगी आहे.

तुम्ही लाल पेनानं सगळ्या ‘परवानगी’ खोडल्यात. वर ‘हक्क’ लिहिलंत.

मी म्हटलं, “साहेब, अर्थ तोच होतो.”

“तोच होत असता तर आमच्या लोकांनी एवढं कशाला केलं असतं?” तुम्ही म्हणालात. “परवानगी देणारा ती परत घेतो. इंग्रजीत काय लिहिलंय, नीट बघा.”

मी परत बघितलं. इंग्रजीत खरंच हक्क होता. माझ्याच हाताला परवानगीची सवय होती.

कंपनीनं तक्रार केली तेव्हा मला त्या कागदांचं मोल कळलं. वरच्या ऑफिसातून पत्र आलं. सरकारी माहितीची फाईल अनधिकृतपणे कुणी उघडली? मंजूर नसलेला प्रोग्राम कुणी बसवला? चौकशीला अधिकारी येत आहेत. त्या पत्रात माझ्या हुद्द्याचा उल्लेख होता. माझी नोकरी तेव्हा नवीनच कायम झालेली. घरी काय सांगू? तुमच्या केबिनमध्ये आले तर तुम्ही जेवत होतात. म्हणालात, “ड्रॉवरमध्ये एक कागद असेल. आणा.”

तो आदेश मी तेव्हा पहिल्यांदा पूर्ण वाचला. खालचा परिच्छेद असा होता: ‘श्रीमती शेळके ह्या सदर काम माझ्या लेखी आदेशानुसार करीत असून त्याच्या सर्व परिणामांची जबाबदारी पूर्णपणे माझी राहील.’ तारीख काम सुरू व्हायच्या आधीची. जावक क्रमांकासह. ज्या कागदासाठी मी तुम्हाला टाकून बोलले, तो तुम्ही माझ्यासाठी लिहिला होता. निवृत्तीच्या तोंडावर, पेन्शनची कागदपत्रं त्याच वरच्या ऑफिसात पडलेली असताना.

मी तिथंच उभी राहून रडायला लागले. तुम्ही डबा पुढं केलात. “मेथी आहे. घ्या. आणि उद्या त्या अधिकाऱ्यापुढं रडू नका. आपण काय चोरी केली नाही.”

अधिकारी आले. चांगले होते, पण कडक होते. त्यांनी पहिलाच प्रश्न तुमचाच विचारला. बिघडलं तर कुणाचं दार वाजवणार? तुम्ही म्हणालात, “हा प्रश्न मी ह्या बाईंना रोज विचारायचो. आता उत्तर मी देतो.” आणि स्वतः मशीनसमोर बसलात. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, तुम्ही अकोल्यातल्या एका वाडीची विहीर काढून दाखवलीत. मग सरासरी. मग ज्या ओळींनी ती सरासरी निघते, त्या ओळी उघडून दाखवल्यात. “हे त्यांनी लिहिलंय,” माझ्याकडं बघत तुम्ही सांगितलंत. “उद्या त्यांची बदली झाली तर जो येईल तो हे वाचेल. वाचता येतं म्हणून शिकता येईल. शिकला की दुरुस्त करील. दार आपलंच आहे, आपणच वाजवायचं आणि आपणच उघडायचं.”

हे तुम्ही कधी शिकलात? दुपारच्या सुट्टीत माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायचात, एवढं मला माहीत होतं. मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवताय.

अधिकाऱ्यांनी ‘चालू ठेवण्यास हरकत नाही’ असं लिहिलं. जाताना त्यांनी जरा लाजतच सीडीची एक प्रत मागितली. तुम्ही कशी दिलीत ती! शाल-नारळ द्यावा तशी, उभं राहून.

तुम्ही निवृत्त झालात. पण भांडण संपलं नाही. आपलं दुसरं भांडण मराठीचं. “विहीर गावाची, पाणी गावाचं आणि पडद्यावर आकडा इंग्रजीत. हे काय?” मी सांगायची, साहेब, ह्याच्यात मराठी अक्षरं अजून नीट येत नाहीत. तुम्ही म्हणायचात, “आत उघडं आहे म्हणता ना? मग घाला की.” अजून मी खटपट करतेय. ‘क’ येतो, ‘म’ येतो, पण वेलांटी एकीकडं आणि अक्षर दुसरीकडं. शेवटचं भेटायला दवाखान्यात आले तेव्हाही तुम्ही ऑक्सिजनची नळी बाजूला सारून तेच विचारलंत. आणि त्याच्याआधी तरण्या डॉक्टरला विचारून झालं होतं. तुमच्या उशाशी ते हृदयाचे ठोके दाखवणारं मशीन होतं ना, ते कुणी बनवलं, त्याच्या आतलं डॉक्टरला वाचता येतं का, असं. डॉक्टर म्हणाला, नाही बुवा. “मग चौकशी करून ठेवा,” तुम्ही त्याला सांगितलंत. साळवेकाकू कपाळाला हात लावून हसत होत्या. तुम्ही जाणार असं मला त्या दिवशी अजिबात वाटलं नव्हतं. आजारी माणूस असा कामं सांगत नाही.

काकू आता बऱ्या आहेत. परवा मांडवातून निघताना मी त्यांना नमस्कार करायला वाकले, त्यांनी मला उठवून धरलं. आजूबाजूला सगळे ‘जय भीम’ म्हणत निरोप घेत होते. मीही म्हटलं. आपल्या ऑफिसात इतकी वर्षं मी तुम्हाला फक्त ‘नमस्कार साहेब’ म्हटलं होतं. काकूंनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाल्या, “येत जा गं.”

कालची गोष्ट सांगते आणि थांबते. दोन हजार साल लागायला आता थोडेच दिवस उरलेत. सगळ्या ऑफिसांना पत्रं आलीत, की एक जानेवारीला कंप्युटर साल चुकवतील, आपापले प्रोग्राम तपासा. आम्ही तपासायला बसलो तर एका दुपारचं काम निघालं. साल कुठं दोनच आकडी धरलंय ते दिसत होतं, तिथं चार आकडी केलं. शेजारच्या जिल्ह्यातल्या ऑफिसला मात्र त्यांची कंपनी दाद देईना. त्यांना कुणीतरी सांगितलं, नगरला जा. काल त्यांचे दोन अधिकारी एस.टी.नं आले. तरुण आहेत, हुशार आहेत. मी त्यांना सगळं दाखवलं. ते बघत राहिले. मग एकानं विचारलं, “हे सुरू कुणी केलं?”

“आमच्या साळवे साहेबांनी.”

“कंप्युटरचे इंजिनियर होते का?”

साहेब, माझ्या तोंडून काय निघालं ते ऐका. मी म्हटलं, “ते दगडमातीचे तज्ज्ञ होते. सत्तावन्नाव्या वर्षी एका बोटानं शिकले. माझ्या शेजारी बसून शिकले. आणि शिकायच्या आधी सगळी जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेऊन मोकळे झाले.” हे म्हणताना माझा आवाज इतका चढला की बाहेरच्या व्हरांड्यातून पठाणभाई आत आले. मला वाटलं, कुणी भांडतंय असं समजून आले असतील.

“न्हाई मॅडम,” ते म्हणाले. “साहेबांचं नाव ऐकलं म्हणून आलो.” आणि कधी न बसणारे पठाणभाई खुर्ची ओढून बसले.

मग आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. मी विसरले तिथं ते सांगायचे, ते अडले तिथं मी. जीपमध्ये तुम्ही काय म्हणाला होतात ते त्यांनीच सांगितलं, शब्दन् शब्द, आणि मी त्यांना अडवलं नाही. पाहुण्यांची दुपारची एस.टी. चुकली. ती सुटायची वेळ झाली तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं होतं. त्यांनीही बघितलं. पण उठलं कुणीच नाही.